भोपाळमध्ये चांगलं खायला कुठे मिळतं?

2025च्या मार्चमध्ये इंटर्नशिपच्या निमित्ताने मी महिनाभर भोपाळला होते. परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत त्या दिवसांबद्दल बोलले, तर पहिला प्रश्न कामाबद्दल नव्हताच. ‘ते जाऊ दे, खाल्लंस काय? आणि कुठे?’ हा लेख म्हणजे त्याचं उत्तर. पण नुसती हॉटेलांची यादी देत नाही, कारण यादी लवकर शिळी होते. अनोळखी शहरात चांगलं खाणं शोधायचं कसं, हे मी तिथे चुकत चुकत शिकले, ते सांगते.

पहिली चूक पहिल्याच रात्री झाली. फोनवर भरपूर चांदण्या असलेलं एक हॉटेल बघून मी जेवण मागवलं. आलं ते वसईलाही मिळतं तसंच पनीर मखनी. वाईट नव्हतं, पण त्यात भोपाळ कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्या भैय्यांना विचारलं, ‘यहाँ सबसे अच्छा होटल कौन सा है?’ त्यांनी मला मोठ्या काचेच्या एसी हॉटेलसमोर उतरवलं. दोष त्यांचा नव्हता. ‘सगळ्यात चांगलं’ म्हटलं की माणूस पाहुण्याला शोभेल असं ठिकाण सांगतो, स्वतः जातो ते नाही. तिसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. ‘भैय्या, आज सुबह आपने क्या खाया?’ ते हसले, आणि थेट एका पोह्यांच्या गाडीपाशी घेऊन गेले. म्हणून पहिला नियम: चांगलं कुठे मिळतं असं विचारू नका, तुम्ही आज काय खाल्लं आणि कुठे, असं विचारा.

दुसरा नियम वेळेचा. मुंबईत आपल्याला वडापाव कधीही मिळतो, त्यामुळे पदार्थालाही घड्याळ असतं हे आपण विसरतो. भोपाळची सकाळ पोहे-जिलेबीची. तिथले पोहे आपल्या कांदेपोह्यांचे चुलतभाऊ. आपण फोडणी देऊन गरमागरम खातो. तिकडे पोह्यांचं भांडं उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवतात, म्हणून ते बराच वेळ मऊ राहतात. त्यात बडीशेप, किंचित साखर, वरून शेव आणि कच्चा कांदा, आणि शेजारी जिलेबी. सकाळी खाल तर उत्तम, पण अकरानंतर खाल तर उरलेलं. दुपारी दाल-बाफले शोधावेत. बाफले म्हणजे कणकेचे गोळे आधी उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. नंतर झोप अटळ, तेव्हा सुट्टीच्याच दिवशी खा. कबाब मात्र संध्याकाळशिवाय मागू नयेत. दुपारी कबाब शोधत फिरलं की बंद शटर दिसतं आणि आपण गावालाच नावं ठेवतो.

तिसरा नियम: त्या शहराच्या स्वयंपाकात काय मुरलंय ते माहीत करून घ्या. आपल्याला भोपाळ माहीत असतं ते 1737मध्ये बाजीरावाने तिथे निजामाला हरवलं म्हणून. पण हे संस्थान उभारलं दोस्त मोहम्मद खान या अफगाण सरदाराने, आणि 1819 ते 1926 या काळात तिथे चार बेगमांनी राज्य केलं. त्यामुळे जुन्या शहरात कोर्मा, दही-कोथिंबीर-हिरवी मिरचीतला रिझाला, जाडसर कुटलेल्या मटणाचा फिलफोरा असे पदार्थ आहेत. दुसरीकडे 1956मध्ये भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झालं. सरकारी नोकरदार सगळीकडून आले, तात्या टोपे नगरसारख्या वसाहती वाढल्या, न्यू मार्केटमध्ये शाकाहारी थाळ्या आल्या. म्हणजे रिझाला खायचा तर जुन्या शहरात, आणि थाळी न्यू मार्केटात. उलट केलंत तर फसाल.

नव्या माणसाने सुरुवात कुठून करावी? बापू की कुटिया, मनोहर डेअरी, इंडियन कॉफी हाउस ही नावं भोपाळमध्ये कोणीही सांगेल. कॉफी हाउस तर कामगारांच्या सहकारी संस्थेचं. तिथे एका कॉफीवर कितीही वेळ बसा. पण पहिले दोन दिवस झाले की नावं सोडा आणि खुणा बघा. फळ्यावर चार-पाचच पदार्थ आहेत का? गाडी ठरावीक वेळेला रिकामी होते का? शेजारपाजारची माणसं घरून डबा आणून पार्सल नेतात का? ही शेवटची खूण सगळ्यात पक्की. जो माणूस रोज त्याच गल्लीत राहतो, त्याला फसवणं दुकानदाराला परवडत नाही.

आपल्यातल्या के-ड्रामावाल्यांसाठी एक जोड. कोरियन भाषेत अशा ठिकाणाला ‘मातजिप’ म्हणतात: मात म्हणजे चव, जिप म्हणजे घर. सोलमध्ये ते शोधायचं तर तिथली मंडळी गुगल नाही, नेव्हर किंवा काकाओचा नकाशा उघडतात. मुद्दा तोच. गावकरी जिथे बघतात तिथे बघा. भोपाळमध्ये मी नकाशावरचे इंग्रजी अभिप्राय सोडून हिंदीतले वाचायला लागले आणि चित्रच बदललं.

आता जे कुठल्याच नकाशावर नाही ते. माझ्या पीजीच्या आंटी प्रेमळ, पण जुन्या शहराचं नाव काढलं की म्हणायच्या, ‘बेटा, उधर मत जाना, शाम को तो बिलकुल नहीं।’ त्या वर्षी धुळवड 14 मार्चला, नेमकी रमझानमधल्या शुक्रवारी आली होती आणि बातम्यांत त्याचीच चर्चा होती. मीही घाबरले. पण ऑफिसातली एक मैत्रीण त्याच भागात वाढलेली. पुढच्या शुक्रवारी ती मला चटोरी गलीत घेऊन गेली. अजानला दहा मिनिटं होती. निखारे फुललेले, सीखा तयार. आणि तेव्हा मला आठवलं, की आपला उपवासकाळ चालू आहे, शुक्रवार आहे, मांस चालणार नाही! इतक्या लांब येऊन हे सांगायची मला लाज वाटली. शेवटी सांगितलं. कबाबवाले चाचा म्हणाले, ‘फिर तो आज अपन दोनों का रोज़ा है।’ अजान झाली तेव्हा त्यांनी आपल्या ताटातले खजूर, भजी आणि कापलेली फळं आमच्यापुढे सरकवली. मग चहा आला, दुधाचा आणि चिमूटभर मिठाचा. ही भोपाळची खासियत. पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्यापासून सवय होते. कबाब मी शनिवारी जाऊन खाल्ले. उत्तम होते.

आंटींना हे सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘नमकवाली चाय? पापा चौक ले जाते थे तब पी थी।’ त्यांचं अख्खं आयुष्य भोपाळमध्ये गेलं, पण कित्येक वर्षांत त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. ‘चला माझ्याबरोबर’ म्हटलं, तर ‘देखेंगे’ म्हणाल्या. मी निघेपर्यंत आल्या नाहीत.

म्हणून शेवटचा नियम, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा: एखाद्या भागात जाऊ नको असं कोणी सांगितलं, तर ते स्वतः तिथे शेवटचे कधी गेले होते, हे आधी विचारा. मग तिथल्याच कोणाला तरी सोबत घ्या आणि जा. आणि काही चालत नसेल तर लाजू नका, सांगून टाका. मी सांगितलं नसतं तर कबाबांचे पैसे देऊन परत आले असते. सांगितलं म्हणून चाचांच्या ताटातलं खाल्लं.