मस्तकातील गळू

वैशाखात जळगाव-धुळ्याकडे पारा ४२ अंशांपलीकडे जातो, तेव्हा घामाने निथळणाऱ्या अंगावर गळवे उठणे ही बाब इतकी नित्याची असते की तिची दखल घरातही घेतली जात नाही. परंतु ज्या जंतूमुळे हे गळू पिकते, तोच रक्तमार्गाने अथवा डोक्याच्या उघड्या जखमेतून मेंदूत शिरला, तर तेथेही तसेच पुवाचे गळू धरते आणि ते प्राणांवर बेतते.

स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० साली पुवामध्ये हा जंतू ओळखला आणि द्राक्षघोसासारख्या रचनेवरून पुढे त्याला ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले. निरोगी माणसांपैकी सुमारे एक-तृतीयांशांच्या नाकपुड्यांत त्याचा निरुपद्रवी मुक्काम असतो. त्वचेची हद्द ओलांडल्यावर मात्र त्याचे विषारी रूप प्रकट होते. त्याच्या ‘अल्फा’ विषाचे सात रेणू एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला आरपार छिद्र पाडतात, तर काही वाणांचे, पँटन व व्हॅलेंटाइन यांनी १९३२ साली वर्णिलेले दुसरे विष, रक्षणार्थ धावून आलेल्या श्वेतपेशींचाच संहार करते. पू म्हणजे या संग्रामातील मृतांचा खच होय.

मेंदूत आरंभी केवळ दाह असतो. सुमारे दोन आठवड्यांत शरीर त्याभोवती तटबंदी उभारते, जी उर्वरित मेंदूचे रक्षण करते खरी, परंतु औषधालाही आत जाऊ देत नाही. कवटीला प्रसरण ठाऊक नसल्याने दाब वाढतो, आणि असह्य डोकेदुखी, उलट्या, झटके, गुंगी अथवा एका अंगाची दुर्बलता उद्भवते. ताप मात्र प्रत्येक वेळी असतोच असे नाही.

ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेन यांनी १८९३ च्या ग्रंथात मेंदूतील अशा गळवावर शस्त्रक्रिया केलेल्या १९ रुग्णांपैकी १८ जण बरे झाल्याची नोंद केली, आणि तीही पेनिसिलिनच्या शोधाच्या ३५ वर्षे आधी! पुवाला वेळीच वाट करून देणे, हेच त्या यशाचे मर्म होते. आज सीटी स्कॅनने जागा निश्चित करून सुईने पू काढतात आणि कित्येक आठवडे प्रतिजैविके देतात. तत्त्व तेच आहे.

म्हणून खानदेशातील वाचकांना कळकळीची विनंती आहे की, नाकाजवळचे वा वरच्या ओठावरचे गळू पिळू नये, कारण तेथील शिरांचा संबंध कवटीच्या अंतर्भागाशी आहे. डोक्याची जखम स्वच्छ करून वैद्याला दाखवावी. आणि वरील लक्षणे दिसताच बाहेरची बाधा समजून दिवस न दवडता धुळ्याच्या वा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे.