जरा लाइनवर राहा हं

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात 1991 साली मी रिसेप्शनिस्ट म्हणून लागले. पहिल्या दिवशी मस्टरवर सही झाली, खुर्ची मिळाली आणि काचेच्या पार्टिशनपलीकडे बसलेल्या ऑपरेटर सरांकडे बोट करून सांगण्यात आलं, “बोर्ड ते शिकवतील.” सर दृष्टिहीन होते. त्या काळी बँकांत, सरकारी कचेऱ्यांत, मोठ्या कारखान्यांत बोर्डावर दृष्टिहीन ऑपरेटर हमखास दिसायचे. सरांच्या ब्रेल वहीत सगळी एक्स्टेन्शन उतरवलेली होती, पण ती वही त्यांना उघडावी लागलेली मी फार तर दोनदा पाहिली. पहिल्याच आठवड्यात पर्चेसवाल्यांसाठी बाहेरून फोन आला. मी 214 लावला. नुसता वाजत राहिला. सर म्हणाले, “साडेअकरा झाले ना? ते आत्ता स्टोअर्समध्ये चहा पीत असतील. 231 दे.” दिला. पर्चेसवाले तिथेच होते.

एक्स्टेन्शनचा नंबर टेबलाचा असतो, माणसाचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. पुढची तीस वर्षं दोन ऑफिसांत बोर्ड सांभाळला, पण याहून मोठं काही शिकले असं वाटत नाही. यंत्राला टेबलं ठाऊक असतात, माणसं ऑपरेटरला. ऑपरेटरच्या डोक्यातलं जेवढं आकड्यांत बसेल तेवढं यंत्राच्या गळी उतरवायचं, याला प्रोग्रामिंग म्हणतात.

यंत्राचं नाव ईपीएबीएक्स, बोलताना मात्र ‘बोर्ड’च. जुन्या काळी तो खरंच बोर्ड होता: भोकं पाडलेला, कॉर्डा लोंबणारा. अमेरिकेत न्यू हेवन इथे 28 जानेवारी 1878 रोजी पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं तेव्हा त्याचे ग्राहक होते 21. बरोबर चार वर्षांनी, 28 जानेवारी 1882 रोजी, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली एक्स्चेंजेस उघडली. सुरुवातीला तिकडे या कामावर पोरगेलसे मुलगे असत, आणि ते ग्राहकांशी उद्धटपणे बोलत. म्हणून सप्टेंबर 1878 मध्ये बॉस्टनला एमा नट यांना नेमलं. त्या पहिल्या स्त्री ऑपरेटर. आणि ऑपरेटरला कायमची रजा देणारं यंत्र काढलं ते एका अंत्यविधीवाल्याने. कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्रोजरला संशय होता की त्याची गिऱ्हाइकं ऑपरेटरबाई आपल्या नवऱ्याकडे वळवते, आणि तो नवराही त्याच धंद्यातला. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. पेटंट मात्र खरं, 1891 सालचं. आमच्या जातीवरच्या अविश्वासातून ऑटोमॅटिक एक्स्चेंज जन्माला आलं, हे मी नव्या मुलींना मुद्दाम सांगायची. फोन कुणाकडे वळवायचा ही साधी गोष्ट नाही, हे त्यावरून चटकन पटतं.

दुसऱ्या ऑफिसात आमच्याकडे पॅनासोनिकचा केएक्स-टीईएस 824 आला. लहान ऑफिसांत तो खूप चालला. भिंतीवरची एक पांढरी पेटी; मुळात तीन बाहेरच्या लाइनी आणि आठ एक्स्टेन्शन, आणि कार्डं घालत गेलं की आठ लाइनी, चोवीस एक्स्टेन्शन. इंजिनिअर आला, वायरी ठोकल्या, चहा प्यायला आणि गेला. जाताना म्हणाला, “मॅडम, सगळं डिफॉल्टवर आहे, चालेल तुम्हाला.” चाललंही, सहा महिने.

मग फायर ड्रिल झालं. गोडाऊनवाल्याने ठरल्याप्रमाणे रिसीव्हर उचलून 101 फिरवला, आणि माझ्या टेबलावरचा फोन वाजला. “फायर ब्रिगेड का?” मी म्हटलं, “नाही हो, रिसेप्शन!” सगळे हसले. मला मात्र घाम फुटला. या मशीनमध्ये एक्स्टेन्शनचे नंबर मुळात 101 पासून सुरू होतात, आणि पहिल्या जॅकवर, म्हणजे जिथून प्रोग्रामिंग होतं तिथे, मीच बसलेली. 112 नंबरही आमच्याकडे एका टेबलावर होता. त्यात गोडाऊनच्या फोनला बाहेरची लाइनच दिलेली नव्हती, कारण ‘ती पोरं गप्पा मारतात’. खरीच आग लागली असती तर फोन माझ्याकडे आला असता, आणि तोही मी जागेवर असले तर.

त्या संध्याकाळी मॅन्युअल मांडीवर घेऊन बसले. डिस्प्लेवाल्या फोनवर ‘प्रोग्राम’चं बटण, मग स्टार, हॅश, मग चार आकडी पासवर्ड. आत गेल्यावर प्रत्येक गोष्टीला तीन आकडी नंबर. 000 म्हणजे तारीख-वेळ, 009 म्हणजे एक्स्टेन्शनचे नंबर. एक आकडा टाकायचा, स्टोअर करायचं, पुढचा घ्यायचा. स्वेटर विणण्याइतकंच अवघड. टाका चुकला तर उसवायचं. सगळी एक्स्टेन्शन दोनशेत नेली, आणीबाणीचे नंबर सगळ्या बंधनांतून मोकळे केले आणि गोडाऊनच्या फोनवर चिठ्ठी चिकटवली: ‘आग लागल्यास आधी 9, मग 101’.

कुठल्या फोनवरून काय लागावं याच्या पायऱ्या असतात. आम्ही त्यांना लेव्हल म्हणायचो. गोडाऊनला फक्त आतल्या आत, अकाउंट्सला लोकल, सेल्सला एसटीडी, साहेबांना आयएसडी. ऑफिसात कोण कोणाच्या वर हे पाहायला एचआरचा तक्ता नको, लेव्हलचं कोष्टक पुरे. ‘माझ्या फोनला एसटीडी का नाही’ या एका प्रश्नावरून मी माणसं महिनोन्‌महिने अबोला धरताना पाहिली आहेत. एसटीडी रोखायची युक्ती सोपी: पहिला आकडा शून्य आला की यंत्राने लाइन तोडायची.

15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं, आणि हीच युक्ती आमच्यावर उलटली. सकाळी दहालाच डिस्पॅचकडून ओरड सुरू: एकाही ड्रायव्हरला फोन लागेना. आधी वाटलं, 09 तेवढा उघडा करावा. पण मोबाइल आता 6, 7 आणि 8 नेही सुरू होतात. 07 उघडला की नागपूरचा 0712 सुटतो, 08 उघडला की बंगळुरूचा 080. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की एसटीडीचा वेगळा खर्च केव्हाच संपला आहे. आपण रिकाम्या तिजोरीला कुलूप लावून बसलोय. सगळ्यांचा शून्य मोकळा केला, आयएसडी तेवढं बंद ठेवलं. वर्षानुवर्षांची ती भांडणं सकाळच्या पहिल्या चहाआधी मिटली.

काही बिघाड मात्र प्रोग्रामिंगचे वाटतात आणि नसतात. साहेबांनी हौसेने नवा फोन आणला आणि त्यावरून कॉल ट्रान्स्फर होईना. साध्या फोनवर ट्रान्स्फरसाठी ‘फ्लॅश’ दाबतात, म्हणजे लाइन क्षणभर तोडून पुन्हा जोडतात. किती क्षणभर, यातच सगळी मेख. आमचा बोर्ड 600 मिलिसेकंदांची वाट पाहत होता, नवा फोन 100 तच आटपत होता. बोर्डाला ते कळतही नव्हतं. उलट फार लांबलं तर यंत्राला वाटतं, फोन ठेवला, आणि कॉल तुटतो. फोन उलटा केला, खालची बारीक खिटी सरकवली, काम झालं.

लाइनी किती घ्याव्यात याचाही एक हिशेब आहे. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग या गणितज्ञाने 1917 साली मांडला. आमच्याकडे गर्दीच्या तासाला साधारण चाळीस फोन, प्रत्येक सरासरी तीन मिनिटं. म्हणजे तासाला 120 मिनिटांचं बोलणं. साहेब म्हणाले, “मग दोन लाइनी पुरे, तीन म्हणजे चैन.” पण लोक रांगेत उभं राहून फोन करत नाहीत, एकदमच करतात. अर्लांगच्या सूत्राने काढलं तर तीन लाइनींवर शंभरातल्या एकवीस जणांना एंगेज टोन मिळतो, चारवर नऊ-दहांना, पाचवर चारांहूनही कमी जणांना. मी कागदावर मांडून दिलं, आणि पाच लाइनी मंजूर झाल्या. त्यांना हंटिंग घेतलं: जाहिरातीत नंबर एकच, तो गुंतलेला असला की पुढची लाइन आपोआप वाजते.

आता ट्रान्स्फर. एक पद्धत अशी: आधी आतल्या माणसाला विचारायचं, “अमक्या कंपनीतून फोन आहे, देऊ?” आणि मग जोडायचा. दुसरी म्हणजे न विचारता ढकलून मोकळं व्हायचं. दुसरीत वेळ वाचतो असं सांगतात. माझ्या मते फक्त ऑपरेटरचा वाचतो. आतून कुणी उचललं नाही तर ठरावीक सेकंदांनी कॉल फिरून बोर्डावर येतो, त्याला रिकॉल म्हणतात. रिंगचा एक फेरा साधारण तीन सेकंदांचा, म्हणजे अर्ध्या मिनिटात दहा रिंगा. समोरच्याला दहा रिंगा ऐकवून पुन्हा माझाच आवाज ऐकवायचा? मी रिकॉल पंधरा सेकंदांवर आणला आणि परत आलेल्या माणसाला कधीच ‘कोण पाहिजे?’ विचारलं नाही. “ते जागेवर नाहीत, मी शोधते, जरा लाइनवर राहा हं.” हे ‘हं’ मॅन्युअलमध्ये नाही.

होल्डवरच्या संगीताचा जनक आल्फ्रेड लेव्ही. त्याच्या कारखान्यातली सुटी तार लोखंडी तुळईला टेकली आणि शेजारच्या रेडिओ स्टेशनचं गाणं फोनवर वाजू लागलं. 1966 साली त्याला पेटंट मिळालं. आपल्याकडच्या पेट्यांत बहुधा बीथोव्हेनची एकच पिपाणी असते. दिवसाला शंभरदा ऐकून मला त्या थोर माणसाबद्दल उगाच राग आहे.

‘सेल्ससाठी एक दाबा’ म्हणणारी रेकॉर्डेड बाई आली तेव्हा मला वाटलं, आपली गच्छंती. तसं झालं नाही. उलट तिच्यात आवाज माझाच भरला. दाबलेला आकडा यंत्राला कळतो कारण प्रत्येक बटण दोन सूर एकदम सोडतं: 5 दाबला की 770 आणि 1336 हर्ट्झ. माणसाच्या गळ्यातून नेमकी तीच जोडी सहसा निघत नाही, म्हणून बोलण्याला यंत्र फसत नाही.

फसवतात ती माणसं. बाहेरून फोन करून, आकडे दाबून ऑफिसच्याच लाइनीवरून पुन्हा बाहेर फोन लावता येईल अशी सोय बऱ्याच बोर्डांत असते. ओळखीच्या एका ऑफिसात ती उघडी राहिली होती, पासवर्डही पेटीतून आला तोच. रात्री-अपरात्री परदेशी फोन होत राहिले आणि बिल पाहिल्यावर अकाउंट्सवाल्यांनी ऑपरेटरलाच धारेवर धरलं. बिचारी तेव्हा घरी झोपली होती. कॉलची नोंद रोज सकाळी काढून पाहिली असती तर तिसऱ्या दिवशीच कळलं असतं. मी पासवर्ड पहिल्याच महिन्यात बदलला आणि साहेबांना बंद पाकिटात दिला. त्यांनी तो अर्थातच हरवला.

आता बोर्ड भिंतीवर नसतो, कुठल्याशा सर्व्हरवर असतो. ब्राउझरमध्ये पान उघडायचं आणि नावं इकडून तिकडे ओढायची. सोपं आहे. पण यादीत नावं अजून टेबलांनुसारच भरलेली दिसतात.

वेळापत्रक लावलं की बोर्ड संध्याकाळी आपोआप नाइट मोडवर जातो, सकाळी परत येतो. पण लक्ष्मीपूजन आमच्या पेटीला माहीत नव्हतं. एका दिवाळीत मी विसरले, आणि वॉचमनकाकांनी नंतर सांगितलं, “ताई, दोन दिवस आत कुलुपामागे फोन नुसता वाजत होता.” त्यानंतर दरवर्षी निघताना हाताने नाइट मोड लावायची, म्हणजे फोन थेट गेटच्या केबिनमध्ये. एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन काकांपाशी. भाऊबीज उलटून कामावर गेले की आधी ती वही बघायची. एका वर्षी पाडव्याच्या खाली काकांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘एक फोन. नाव सांगितलं नाही. म्हणाले, बाईंना सांगा, रात्रीची लाइन बरोबर लागली आहे.’