फ्यूज शाबूत, सांधा जळाला!

मित्रांनो, होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी 'वायरमन' असतो. आमच्या मजल्यावरचा वायरमन म्हणजे अस्मादिक! कुणाचा टेबल फॅन, कुणाचा इअरफोन, कुणाचा चार्जर, सगळे पेशंट माझ्याकडे. उपचार एकच. दाताने वायर सोलायची, दोन टोकं एकमेकांत पिळायची, वरून काळी टेप. झालं काम! याच आत्मविश्वासावर मी सुट्टीत मामांच्या जीपमध्ये स्टिरिओ बसवला.

मामांची जीप भोकरदन-जालना रस्त्यावर चालते. अंगारकीला राजूरच्या गणपतीला ही गर्दी! रात्री चंद्रोदयानंतर दर्शन आटोपून आम्ही परत निघालो. जीप गच्च भरलेली, मागे बायका नि लेकरं, स्टिरिओवर आरत्या. थोडं पुढे गेलो आणि प्लास्टिक जळाल्याचा वास आला. डॅशबोर्डच्या फटीतून धूर! मामांनी गाडी कडेला घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि बॅटरीचं टर्मिनल काढलं. कुणाला काही झालं नाही. टॉर्च लावून पाहिलं तर माझ्या पिळलेल्या सांध्यावरची टेप वितळलेली, शेजारच्या वायरचं कव्हरही भाजलेलं. आणि फ्यूज? एकदम शाबूत!

मामा एवढंच म्हणाले, "अरे, गाणी बंद पडली असती तर चाललं असतं. गाडीत लेकरं होती."

त्या रात्री झोप आली नाही. फ्यूज का उडाला नाही, हा प्रश्न डोक्यात होता. उत्तर मात्र आपल्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातच आहे. फ्यूज फक्त करंट मोजतो, उष्णता नाही. समजा स्टिरिओ 5 अँपिअर घेतोय आणि ढिल्या सांध्याचा रोध 0.4 ओहम झालाय. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 10 वॅट. आपल्या लॅबमधलं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. म्हणजे वाटाण्याएवढ्या जागेत, टेपमध्ये गुंडाळून, जवळजवळ अर्धं सोल्डरिंग आयर्न मी डॅशबोर्डमागे पेटवून ठेवलं होतं! 10 अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल.

मग सोल्डर करावं का? टेबलावरच्या सर्किटला उत्तम. पण गाडीत सतत हादरे. सोल्डर तारांच्या आत झिरपतं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथे कडक भाग संपतो तिथेच वायर मोडते. म्हणून गाडीत क्रिम्प. ही गोष्ट नवी नाही. 1941 साली अमेरिकेत व्हिटेकर यांनी एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली, ती विमानं आणि जहाजांसाठी सोल्डरशिवायची टर्मिनल्स बनवायलाच.

क्रिम्प म्हणजे नुसतं दाबणं नव्हे. आपण जालनेकर, सळईच्या गावचे! रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई रोलरमधून गेली की नवा आकार घेते आणि परत जुन्या आकारात येत नाही. क्रिम्पमध्ये तेच होतं, फक्त गार धातूवर. टर्मिनल आणि तांब्याच्या तारा यील्ड पॉइंटच्या पलीकडे दाबल्या की मधली हवा निघून जाते आणि धातूला धातू घट्ट भिडतो. आत हवा नाही म्हणजे गंज नाही, गंज नाही म्हणजे रोध वाढत नाही. साध्या पकडीने दाबलं तर टर्मिनल चपटं होतं, पण कडेला पोकळी राहते. वरून दिसायला छान, आतून ढिलं!

आता कामाचं बोलू.

1. वायर: स्टिरिओ आणि स्पीकरसाठी साधारण 0.75 ते 1.5 चौरस मिलिमीटर, बारीक तारांची, शुद्ध तांब्याची. (अँप्लिफायरची मेन वायर जाड असते, तिचं गणित वेगळं.) स्वस्त वायर ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. घेऊ नका.

2. टर्मिनलचा रंग: रंग शोभेसाठी नाही! लाल 0.5 ते 1.5, निळं 1.5 ते 2.5, पिवळं 4 ते 6 चौरस मिलिमीटरला. 0.75 ची वायर निळ्यात घालाल तर कितीही दाबा, ती निसटणारच.

3. कुठे काय: स्टिरिओच्या मागे शक्यतो आयएसओ 10487 चा तयार कपलर लावा, गाडीची मूळ वायर कापूच नका. वायरला वायर जोडायला बट कनेक्टर, वरून हीट श्रिंक. स्पीकरला स्पेड, बऱ्याच स्पीकरांवर प्लसची पट्टी रुंद आणि मायनसची अरुंद असते, मापं बघून घ्या. अर्थला रिंग, तीही रंग खरवडलेल्या पत्र्यावर.

4. टूल: रॅचेटवालंच घ्या. पूर्ण दाब बसेपर्यंत ते सुटत नाही, त्यामुळे हात थकला तरी क्रिम्प अर्धवट राहत नाही. पण जबडा टर्मिनलप्रमाणे हवा. प्लास्टिकच्या कव्हरवाल्यांना लंबगोल खाचेचा. कपलरमधल्या उघड्या पाकळ्यांच्या पिनांना वेगळा, पाकळ्या आत वळवणारा. त्या पिनेत पुढच्या पाकळ्या तांबं धरतात, मागच्या कव्हर धरतात. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही.

5. क्रिम्पच्या आधी तारांना सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि सांधा ढिला होतो.

6. परीक्षा: प्रत्येक मापाचा एक सांधा नमुन्याला करा आणि त्याला पाच लिटरचा पाण्याचा कॅन लटकवा. निसटला तर टूल, टर्मिनल किंवा वायर, काहीतरी चुकलंय. गाडीतला प्रत्येक सांधा हाताने जोरात ओढून पाहा.

मी वर्कशॉपमधून टूल मागून घेतलं आणि पुढच्या रविवारी मामांच्या गाडीतले सगळे सांधे नव्याने केले. पहिले तीन नमुने कॅनसकट खाली पडले, होस्टेलचा व्हरांडा धुऊन निघाला! चौथ्याने कॅन धरला. मामांनी मात्र बसवायच्या आधी प्रत्येक सांधा स्वतः ओढून पाहिला. मला राग आला नाही. तो त्यांचा हक्कच होता.

तेव्हा दोस्तांनो, मजल्यावरच्या वायरमनचं नवं दरपत्रक असं: टेबल फॅन पूर्वीसारखाच फुकट, पण पिळून टेप लावणं कायमचं बंद. आणि कुणाच्या घरच्या गाडीत मी पूर्वी हात घातला असेल, तर लाजू नका. गाडी घेऊन या, सांधे परत करून देतो.