अंधारलेला पडदा : लिनक्स संगणकावरील ‘नो सिग्नल’ या दोषाची मीमांसा

प्रस्तावना
बारामतीत १९६२ मध्ये तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले व १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. पुढील काळात बारामती व इंदापूर तालुक्यांत संगणक शिक्षणाचा विस्तार झाला. विद्यापीठाच्या संगणकशास्त्र अभ्यासक्रमात लिनक्सचा समावेश असल्याने ही विनामूल्य प्रणाली येथील विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. मात्र काम चालू असताना पडदा काळा होऊन त्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरे उमटली, की सीपीयूचे बटण दाबून धरण्याकडे बहुतेकांचा कल असतो. वस्तुतः त्या वेळी संगणक बहुधा चालूच असतो आणि न साठवलेले काम त्या एका कृतीने नष्ट होते. प्रस्तुत लेखात या दोषाची कारणे व उपाय स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोषाचे स्वरूप
‘नो सिग्नल’ ही सूचना मॉनिटर स्वतः देतो. म्हणजेच मॉनिटरला वीज मिळत आहे, चित्र मात्र पोहोचत नाही. ‘आउट ऑफ रेंज’ ही सूचना निराळी होय. तेथे चित्र पोहोचते, पण ते मॉनिटरच्या क्षमतेबाहेरचे असते. संगणक जागा आहे काय, हे पाहण्यासाठी कॅप्स लॉकची कळ दाबावी. कळफलकावरील दिवा लागत-विझत असेल तर संगणक चालू आहे असे समजावे.

त्यानंतर पडदा नेमका केव्हा अंधारला, हे आठवावे. संगणक सुरू होताना कंपनीचे चिन्हही दिसले नाही, तर दोष केबल, ग्राफिक्स कार्ड अथवा रॅममध्ये शोधावा. १० मिनिटे कळफलकाला हात न लावल्यावर पडदा गेला असेल, तर ती वीजबचतीची नेहमीची व्यवस्था असते.

वीजपुरवठा आणि पडदा
ग्रामीण भागात विशेष लक्ष द्यावे असे कारण वेगळेच आहे. काटकसरीपोटी सीपीयू यूपीएसला व मॉनिटर थेट भिंतीवरील सॉकेटला जोडलेला असतो. वीज क्षणभर गेली की मॉनिटर बंद पडतो, संगणक चालू राहतो. जुन्या १५ पिनांच्या व्हीजीए जोडणीत संगणकाला याचा पत्ताही लागत नाही. डिस्प्लेपोर्टमध्ये मात्र मॉनिटर काढून घेतल्याची नोंद होऊ शकते. त्यावर प्रणाली ती जोडणी बंद करते. वीज परत आल्यावर दोघांमधील संवाद पुन्हा जुळला नाही, तर मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवीत राहतो. अशा वेळी केबल काढून पुन्हा लावावी, अथवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरी पडद्यावर जावे व कंट्रोल-ऑल्ट-एफ१ किंवा एफ२ ने परतावे. या अदलाबदलीत चित्राची मांडणी नव्याने होते आणि उघडे असलेले काम सुरक्षित राहते. कायमचा उपाय म्हणजे मॉनिटरही त्याच यूपीएसला जोडणे. अर्थात यूपीएसची क्षमता तेवढी असावी.

मॉनिटर आपली ओळख १२८ बाइटच्या ‘ईडीआयडी’ या नोंदीतून देतो. व्हीजीए केबलमध्ये ही नोंद १२ व १५ क्रमांकांच्या पिनांवरून जाते. त्यांपैकी एखादी वाकली तरी रंग दिसतात, पण ओळख पटत नाही आणि प्रणालीला अंदाजाने चित्र पाठवावे लागते. स्वस्त केबल बदलून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय असूनही तो बहुधा शेवटी सुचतो.

ड्रायव्हरचा प्रश्न
सुरुवातीची यादी दिसून त्यानंतर पडदा गेला, तर ड्रायव्हरवर संशय घ्यावा. २००९ पासून चित्राची मांडणी करण्याचे काम टप्प्याटप्प्याने लिनक्सच्या कर्नलकडे आले. तोच टप्पा चुकत असेल, तर ग्रब यादीत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडावा. चित्र साधे दिसेल, परंतु योग्य ड्रायव्हर बसविण्यापुरते काम भागते. हा बदल त्या एकाच वेळेपुरता टिकतो.

काहीच साधले नाही, तर ऑल्ट व प्रिंटस्क्रीन या कळा धरून अनुक्रमे एस, यू व बी दाबावे. एसने साठवणुकीस निघालेली माहिती हार्ड डिस्कवर लिहिली जाते, यूने डिस्क केवळ वाचनापुरती खुली राहते व बीने संगणक पुन्हा सुरू होतो. अर्थात जी फाइल साठवलीच नव्हती, ती याने परत मिळत नाही.