शंभराच्या पुढचं पेट्रोल

गाडी घेताना शोरूममध्ये ॲव्हरेजचा जो आकडा सांगतात तो रस्त्यावर काही मिळत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. लबाडीचा संशय घेण्याआधी तो आकडा येतो कुठून, हे पाहायला हवं. अशा चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. ती १९६६ साली स्थापन झाली. तिथे गाडी रोलर्सवर चढवतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. रस्त्याचा आणि वाऱ्याचा विरोध रोलर्सवर भार टाकून निर्माण करतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे आकडे ज्या चाचणीतून आले, ती ११८० सेकंद चालते, म्हणजे वीस मिनिटांना थोडी कमी. शहरी टप्प्यात वेग ५० च्या वर जात नाही, त्यानंतरच्या टप्प्यात फार तर ९०. वेग वाढवायचा तोही सावकाश, आणि एसी बंद.

समृद्धी महामार्गावर सपाटीला मर्यादा १२० ची आहे. चाचणीला ९० च्या पुढचं जग ठाऊक नाही आणि आपण जातो तिथेच. खरी गोम या दोन आकड्यांमध्ये आहे.

सपाट रस्त्यावर एका वेगाने जाणाऱ्या गाडीला दोनच गोष्टी मागे ओढतात: टायरचं घर्षण आणि हवा. घर्षण वेगाबरोबर फारसं वाढत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट केला की हवा सव्वादोनपट जोराने अडवते. माणसांसकट १२०० किलोची मध्यम आकाराची गाडी धरून गणित मांडलं, तर साठ-पासष्टपर्यंत टायरचं घर्षण वरचढ असतं, पुढे हवा. ८० ला किलोमीटरमागे चाकांना जेवढं काम करावं लागतं, त्याच्या पावणेदोनपट १२० ला लागतं. पेट्रोल तेवढ्या पटीत वाढत नाही, कारण भाराखाली इंजिन जरा जास्त कार्यक्षमतेने चालतं. तरीही जी गाडी ९० ला लिटरमागे वीस किलोमीटर देते, ती १२० ला पंधराच्या आसपास आली तर नवल मानू नये.

मग बैलगाडीसारखं चालवावं का? तेही नाही. गाडी उभी असली तरी इंजिन स्वतःला फिरवत ठेवण्यासाठी पेट्रोल पितंच. छोट्या गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला अर्धा-पाऊण लिटर जातं, एसी लावला तर आणखी. वेग फार कमी असेल तर हा वरखर्च थोड्याच किलोमीटरांवर पडतो. म्हणून पेट्रोल-डिझेलच्या गाडीला वरच्या गिअरमध्ये ५० ते ८० च्या दरम्यानची चाल सगळ्यात स्वस्त पडते. विजेच्या गाडीला हा वरखर्च नगण्य असतो आणि ब्रेक दाबताना थोडी वीज परतही मिळते. त्यामुळे ती शहरात जास्त पळते आणि महामार्गावर बॅटरी भराभर उतरते. पेट्रोलच्या गाडीचा अनुभव नेमका उलटा.

शहरातला खरा चोर म्हणजे ब्रेक. वरचीच १२०० किलोची गाडी ६० च्या वेगाला असताना तिच्यात जी गतिज ऊर्जा असते, ती मिळवायला साधारण वीस मिलिलिटर पेट्रोल लागलेलं असतं, चार छोटे चमचे. सिग्नल लाल दिसत असूनही शेवटच्या क्षणापर्यंत ॲक्सिलरेटर दाबून मग करकचून ब्रेक मारला, की ते चार चमचे ब्रेकच्या डिस्क तापवण्यात गेले. असं पन्नास वेळा केलं की एक लिटर संपलं. पुण्यामुंबईत पन्नास ब्रेक मारायला किती वेळ लागतो, हे वाचकाला सांगायला नको. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार धसमुसळ्या चालवण्याने थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत ॲव्हरेज १० ते ४० टक्क्यांनी घसरतं. उपाय एकच: नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर न ठेवता तिच्या पुढच्या चार गाड्यांवर ठेवायची आणि पाय लवकर काढायचा.

इथे एक जुना समज निकालात काढायला हवा. घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडली की पेट्रोल वाचतं, असं अनेक जुने चालक छातीठोकपणे सांगतात. प्रीमियर पद्मिनी, अँबेसिडर, सुरुवातीची मारुती ८०० या कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळात त्यात थोडं तथ्य होतं. इंजेक्टरच्या गाड्या आल्यापासून चित्र पालटलं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की संगणक इंधनाचा पुरवठा बंद करतो. इंजिनाला फिरवण्याचं काम चाकंच करतात, खर्च शून्य. न्यूट्रल केलं की चाकांशी संबंध तुटतो आणि इंजिन चालू ठेवायला पुन्हा पेट्रोल सुरू होतं. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी पाचशे मीटरच्या आसपास खाली येते. तेवढी उंची चढायला जवळपास पाऊण लिटर लागलेलं असतं. ती ऊर्जा गिअरमध्ये उतरताना इंजिनाचा अडसर शोषून घेतो. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देऊ शकतात. म्हणजे पेट्रोल जास्त, वर जिवाला धोका.

एसी की खिडक्या, हा वाद घरात होतो तेवढा मोठा नाही. गावात हळू चालताना खिडक्या उघडा, महामार्गावर बंद करून एसी लावा. टपावरचं कॅरिअर मात्र गंभीर प्रकरण आहे. छपरावरची मोठी बोजड पेटी द्रुतगती महामार्गाच्या वेगाला १० ते २५ टक्के ॲव्हरेज खाते, असं अमेरिकी ऊर्जा खातं सांगतं. सहलीनंतर महिनोन् महिने रिकामं कॅरिअर मिरवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

वेग आणि तेल यांचं नातं सरकारांनाही टंचाईत आठवतं. १९७३ च्या अरब तेलबंदीनंतर अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे जवळपास ८८ किलोमीटरची मर्यादा घातली. लोकांनी ती मनापासून कधीच पाळली नाही आणि १९९५ मध्ये ती रद्द झाली. लिबियातल्या संघर्षाने तेल भडकलं तेव्हा, २०११ साली, स्पेनने १२० ची मर्यादा ११० वर आणली. त्यासाठी फलकांवर स्टिकर चिकटवले आणि चार महिन्यांत ते काढूनही टाकले. सक्तीने हे जमत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. ज्याचं त्याने गणित करावं.

तर समृद्धीचं गणित. नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर. वाटेत न थांबता, कायम १२० ने गेलात तर पाच तास पन्नास मिनिटं, १०० ने सात तास, ९० ने पावणेआठच्या पुढे. आपल्या कल्पित गाडीला ९० ला ३५ लिटर, १०० ला सुमारे ३९, तर १२० ला ४७ लिटर लागतील. ९० वरून १०० वर गेलं तर पाऊण तासाहून जरा जास्त वेळ वाचतो, त्यासाठी चार लिटर. शंभरावरून १२० वर गेलं तर सत्तर मिनिटं वाचतात, त्यासाठी आठ लिटर, शिवाय तापलेले टायर आणि थांबायला लागणारं लांबलचक अंतर. पहिला सौदा परवडतो, दुसरा नाही. माझा कौल शंभराला.