मुलाचा पासपोर्ट बदलतो तेव्हा

चेन्नईत मैलापूर, टी. नगर किंवा बेझंट नगर भागात अमेरिकेत मुलगा-मुलगी असलेले घर शोधावे लागत नाही. तंजावरहून येऊन इथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही याला अपवाद नाहीत. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग कावेरीकाठी आले, तेव्हा त्यांना कुणी नागरिकत्वाचा दाखला मागितला नव्हता. आजच्या पिढीला मात्र पावलोपावली कागद लागतो.

आधी शिक्षणासाठी व्हिसा, मग नोकरीचा, मग वर्षानुवर्षे वाट पाहून हाती आलेले ग्रीन कार्ड. तोवर घरात सगळे खूश असतात, पेढे वाटले जातात. पण पुढे पाच वर्षांनी मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, सिटिझनशिपचा अर्ज भरतोय," आणि घरात एकदम शांतता पसरते. म्हणजे आपला मुलगा आता भारतीय राहणार नाही?

कायद्याचे उत्तर सरळ आहे. राहणार नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले.

या शहराला हे नवीन नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ मध्ये अमेरिकेत नोकरीला गेले. त्या काळी भारतीयांना तिथे नागरिक होताच येत नसे. १९४६ च्या कायद्याने ते दार उघडले, तेही भारतातून वर्षाला जेमतेम शंभर जणांना प्रवेश देऊन. चंद्रशेखर आणि त्यांच्या पत्नी ललिता १९५३ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी, अमेरिकन नागरिक झाले. तरीही १९६८ मध्ये भारताने त्यांना पद्मविभूषण दिले आणि १९८३ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा मद्रासने त्यांना आपलेच मानले.

ग्रीन कार्ड पुरेसे नाही का?

आई-वडिलांचा हा प्रश्न रास्त आहे. ग्रीन कार्डावर नोकरी करता येते, घर घेता येते, दर दहा वर्षांनी कार्ड बदलून मिळते. मग घाई कशाला?

अडचण येते ती आजारपणात. समजा, चेन्नईत वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मुलाला त्यांच्याजवळ राहायचे आहे. ग्रीन कार्डवाल्याचा सलग मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त झाला, की परत जाताना विमानतळावर प्रश्न सुरू होतात. वर्ष उलटले, तर कार्डच धोक्यात येते. आधी परवाना काढून ठेवला तर दोन वर्षांपर्यंत सवलत मिळते, पण झटका काही परवाना काढून येत नाही! शिवाय नागरिकत्वासाठी मोजली जाणारी वर्षे इतक्या गैरहजेरीने खंडित होतात, ती वेगळीच.

अमेरिकन नागरिकाला ही भीती नसते. त्याने भारत सरकारचे ओसीआय कार्ड घेतले की चेन्नईत हवे तितके दिवस राहता येते आणि हवे तेव्हा परत जाता येते. जो पासपोर्ट मुलाला आपल्यापासून तोडतो असे वाटते, तोच पुष्कळदा त्याला बापाच्या उशाशी बसू देतो. घरातल्या वादात ही बाजू सहसा कुणी मांडत नाही.

अर्जाची प्रक्रिया फार अवघड नाही. पाच वर्षांपैकी किमान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. बोटांचे ठसे, मुलाखत, इंग्रजीची आणि देशाच्या इतिहास-राज्यव्यवस्थेची परीक्षा, शेवटी शपथ. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना वीस प्रश्नांपैकी बारांची बरोबर उत्तरे द्यावी लागतात. आपल्या राज्यघटनेवर असे वीस प्रश्न आले, तर आपल्यापैकी किती जण उत्तीर्ण होतील कोण जाणे!

शपथेनंतर मात्र सावध राहायला हवे. जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करणे गुन्हा आहे. तो परत करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याशिवाय ओसीआय मिळत नाही. यात वेळ जातो, म्हणून त्याच काळात धाकट्या बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त धरू नका.

काय जाते, काय राहते

मतदानाचा हक्क जातो. सरकारी नोकरी आणि घटनात्मक पदे बंद होतात. वडिलोपार्जित घरावरचा वारसा जात नाही, वारशाने शेतजमीनही येऊ शकते. शेती विकत घेता येणार नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती घेता येत नाहीच. पत्रकारिता किंवा संशोधन करायचे असेल, तर ओसीआय कार्डवाल्याला वेगळी परवानगी लागते आणि कार्ड रद्द करण्याचा अधिकार सरकारकडे असतो. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व, हा समज चुकीचा आहे.

आई-वडिलांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. ग्रीन कार्डवाला मुलगा आई-वडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकत नाही. नागरिक झालेला, एकवीस वर्षांवरचा मुलगा मागू शकतो. त्यामुळे जेमिनी उड्डाणपुलाजवळच्या अमेरिकन वकिलातीत पर्यटक व्हिसासाठी फायली घेऊन उभे राहणे संपेल, असे वाटते. पण ते कार्ड फेरफटक्यासाठी नसते. ते टिकवायचे तर मुक्काम तिकडेच हलवावा लागतो. मार्गळीतल्या संगीत सभा, ओळखीचा डॉक्टर, दारातला भाजीवाला सोडून सत्तराव्या वर्षी बर्फात जायचे का, हे मुलाने अर्ज भरण्यापूर्वीच बोलून घेतलेले बरे. "नाही" म्हणणाऱ्या आई-वडिलांना पर्यटक म्हणून जाता येतेच.

आणि मुलालाच पुढे कायमचे परत यावेसे वाटले तर? ओसीआय म्हणून पाच वर्षे नोंद झालेली असेल आणि अर्जापूर्वी बारा महिने तो भारतात राहिला असेल, तर भारतीय नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा अमेरिकन नागरिकत्व सोडावे लागते.