आठ सेकंदांचा हिशेब

आठ सेकंद म्हणजे किती काळ? ग्राहकाने काउंटरवर पासबुक ठेवावे आणि छपाईयंत्राने ते आत ओढून घ्यावे, एवढ्यात आठ सेकंद सरतात; त्यांची दखल कोणी घेत नाही. अमेरिकेतील टेक्सस, ओक्लाहोमा, वायोमिंग यांसारख्या राज्यांत मात्र याच आठ सेकंदांसाठी हजारो प्रेक्षक श्वास रोखून बसतात आणि पंचविशीतले तरुण आपली हाडे, प्रसंगी प्राणही, पणाला लावतात. हा खेळ म्हणजे रोडिओमधील वळूस्वारी.

रोडिओचा उगम मेक्सिकन आणि अमेरिकन गुराख्यांच्या रोजच्या कामात आहे. उधळलेला घोडा माणसाळवणे, धावत्या वासराला फास टाकून जखडणे ही कामे कुरणावर करावीच लागत. पुढे त्यांच्याच स्पर्धा झाल्या. वळूच्या पाठीवर बसण्याची गरज मात्र कोणत्याही गुराख्याला कधी पडली नसावी. या स्पर्धेला व्यावहारिक उपयोग असा काही नाही. असे असूनही रोडिओच्या कार्यक्रमात ती बहुधा सर्वांत शेवटी ठेवतात, कारण तिच्यासाठी प्रेक्षक थांबतात.

नियम थोडके आहेत. ‘शूट’ नावाच्या अरुंद लोखंडी कप्प्यात वळू उभा असतो. स्वार वरून त्याच्या पाठीवर उतरतो, मान हलवून खूण करतो आणि फाटक उघडते. त्यानंतर आठ सेकंद एका हाताने दोर धरून टिकून राहायचे. दुसरा हात मोकळा ठेवायचा. तो वळूला किंवा स्वतःच्या अंगाला लागला, तर स्वारी बाद. दोर वळूच्या छातीभोवती गुंडाळलेला असतो, पण त्याला गाठ मारलेली नसते. राळ लावून चिकट केलेल्या त्या दोराचा वेढा हातमोजा घातलेल्या पंजाभोवती घेऊन स्वार मूठ आवळतो. आधार एवढाच. दोराला खाली जड घंटा असते, तिचा उपयोग नादापुरता नाही. स्वाराने मूठ सोडताच तिच्या वजनाने दोर सुटून गळून पडावा, यासाठी ती बांधलेली असते.

वळू उसळी घेताना पुढून उंचावतो, तेव्हा स्वाराला पुढे झुकावे लागते. तो मागचे पाय झाडतो, तेव्हा मागे रेलावे लागते. इथवर ताल सांभाळता येतो. खरी परीक्षा वळू जागच्या जागी गरगर फिरू लागला की सुरू होते. स्वार फिरकीच्या आतल्या बाजूला घसरला, तर तो थेट खुरांखाली येतो. त्याहून वाईट म्हणजे पकडीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला पडणे. तेव्हा मूठ दोरातच अडकते आणि सहाशे-आठशे किलोंचे जनावर माणसाला चिंधीसारखे फरफटवत नेते. अशा वेळी मदतीला धावतात ते ‘बुलफायटर’. एकेकाळी ते विदूषकाच्या वेषात असत. वळूचे लक्ष स्वतःकडे वळवायचे आणि अडकलेला हात सोडवायचा, हे त्यांचे काम. माझ्या मते या खेळातील सर्वांत धीराची माणसे तीच; त्यांच्या नावावर गुण मात्र जमा होत नाहीत.

गुणांची पद्धत मोठी विलक्षण आहे. शंभरपैकी पन्नास गुण स्वाराचे आणि पन्नास वळूचे. उसळी, लाथ, फिरकी आणि दिशाबदल यांवर वळूला गुण मिळतात आणि स्वार टिकला तर ते त्याच्या गुणांत मिळवले जातात. म्हणजे गरीब जनावरावर आठ सेकंद सुखाने बसून फारसा लाभ नाही. वळूने हवी तशी झुंज दिली नाही, तर परीक्षक स्वाराला दुसऱ्या वळूवर पुन्हा बसण्याची मुभा देतात. आणि एकदा वाचलेला माणूस बहुधा ती घेतो! वळूस्वारांची प्रमुख संस्था ‘प्रोफेशनल बुल रायडर्स’ हिच्या स्पर्धांत अंतिम फेरीचे स्वार आपला वळू स्वतःच निवडतात, आणि जिंकायचे असेल तर बिकट वळूच निवडावा लागतो. जोखीम टाळण्याऐवजी ती नेमकी पारखून मागून घेणे, हे या खेळाचे मर्म.

या वळूंच्या रक्तात आपल्या मातीचा अंश आहे, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. रोडिओतील पुष्कळसे वळू ‘ब्राह्मन’ जातीच्या संकरातून आलेले असतात. ही जात अमेरिकेत घडली, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथे गेलेल्या भारतीय गोवंशातून. गीर, कांकरेज, ओंगोल आणि सांगली व उत्तर कर्नाटकाच्या काळ्या जमिनीत घडलेली कृष्णा व्हॅली, या त्या जाती. वशिंड, लोंबती पोळी, सैल कातडी आणि उन्हाचा काटकपणा त्यांनी दिला. कृष्णाकाठी जी ताकद चिकण मातीत नांगर ओढण्यासाठी जोपासली, तिचाच वारसा तिकडे माणसाला पाठीवरून भिरकावण्याच्या कामी आला.

या खेळातील मृत्यू अनेकदा आठ सेकंदांनंतर येतो. लेन फ्रॉस्ट हा १९८७ चा विश्वविजेता. ‘रेड रॉक’ नावाच्या वळूवर ३०९ प्रयत्नांत कोणीही पूर्ण वेळ टिकले नव्हते. १९८८ मध्ये सात लढतींपैकी चारदा फ्रॉस्ट टिकला. ३० जुलै १९८९ रोजी वायोमिंगमधील शायेन येथे त्याने आठ सेकंद पूर्ण केले आणि तो खाली उतरला. वळू वळला, त्याने चिखलात पडलेल्या फ्रॉस्टला पाठीवर शिंगाचा तडाखा दिला. फ्रॉस्ट उठला, मदतीसाठी हात हलवला आणि कोसळला. बरगड्या मोडून आत रक्तस्राव झाला होता. तो २५ वर्षांचा होता. त्याचा मित्र आणि सहस्वार कोडी लँबर्ट याने पुढे घोड्यांच्या शर्यतीतील जॉकींच्या जाकिटावरून कल्पना घेऊन वळूस्वारांसाठी संरक्षक जाकीट तयार केले. त्याने अनेकांचे प्राण वाचवले. तथापि, जाकीट म्हणजे अभयपत्र नव्हे. जानेवारी २०१९ मध्ये डेन्व्हर येथे मेसन लोव हा स्वार जाकीट घालूनही छातीवर आघात होऊन मृत्यू पावला. त्याचेही वय २५ होते.

फ्रॉस्टचा दुसरा जिवलग मित्र टफ हेडमन. १९९५ मध्ये लास व्हेगास येथे त्याला ‘बोडेशस’ नावाचा सुमारे साडेआठशे किलोंचा वळू मिळाला. स्वार पुढे झुकला की डोके मागे झटकून त्याच्या तोंडावर आदळायचे, ही बोडेशसची खोड. त्या तडाख्याने हेडमनच्या चेहऱ्याची बहुतेक हाडे मोडली. काही आठवड्यांतच, डिसेंबरमधील राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत, त्याच्या वाट्याला पुन्हा तोच वळू आला. फाटक उघडले, पण हेडमन बाजूला झाला आणि वळू एकटाच मैदानात गेला. कर्ज नाकारण्याचा निर्णयही मंजुरीइतक्याच अभ्यासाने घ्यावा, असे आम्हा अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात शिकवले जाते. त्याचे इतके चोख उदाहरण मला दुसरे आठवत नाही. त्याच स्पर्धेत पुढे स्कॉट ब्रीडिंग हा मुखवटा घालून बोडेशसवर बसला आणि त्याच्याही चेहऱ्याची हाडे मोडली. तेव्हा मालकाने वळूलाच निवृत्त केले.

स्वाराची आर्थिक बाजू पाहिली की आपल्यासारख्या पगारदार माणसाला धडकी भरते. रोडिओच्या परंपरेत त्याला वेतन नाही. प्रवेशशुल्क, प्रवास, मुक्काम असा सारा खर्च स्वतःचा. आठ सेकंदांआधी पडला तर मिळकत शून्य, आणि जायबंदी झाला तर तीही संधी गेली. या स्थितीला कंटाळून १९९२ मध्ये वीस स्वारांनी प्रत्येकी एक हजार डॉलर घालून ‘प्रोफेशनल बुल रायडर्स’ ही संस्था काढली. लँबर्ट आणि हेडमन त्यांत होते. वीस हजार डॉलरांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या या संस्थेने पुढे विश्वविजेत्याला दहा लाख डॉलरांचे पारितोषिक दिले.

प्राणिप्रेमींचे आक्षेप अर्थातच आहेत. वळूच्या कमरेभोवती बांधलेल्या पट्ट्यामुळे तो अधिक जोरात लाथा झाडतो. तो पट्टा वृषणांना आवळतो, हा समज चुकीचा असला, तरी जनावराला डिवचले जाते हे खरेच. ब्रिटनने १९३४ च्या कायद्यानेच अशा खेळांना अटकाव केला. मलाही या प्रश्नाचे एका बाजूचे उत्तर देता येत नाही.

जे. बी. मॉनी याने ऑगस्ट २०१३ मध्ये टल्सा येथे ‘बुशव्हॅकर’ हा सलग ४२ स्वारांना पाडलेला वळू स्वतःहून निवडला. त्याच वळूने त्याला आधी अनेकदा धूळ चारली होती. या वेळी तो टिकला आणि ९५.२५ गुण मिळवून गेला. हेल्मेट त्याने कधी पसंत केले नाही. डोक्यावर हॅटच असे. सप्टेंबर २०२३ मध्ये आयडाहोतील लुइस्टन येथे ‘आर्क्टिक असॅसिन’ नावाच्या वळूने त्याला आपटले, मानेचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली. बरा झाल्यावर त्याने तो वळू मिळवला आणि टेक्ससमधील आपल्या कुरणावर चरायला सोडला.